लिनक्स मिंटवरची फोटो छपाई : लातूरच्या एका स्टुडिओतून केलेले परीक्षण

लिनक्स मिंट या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमवर ग्राहकाच्या हातात निःशंकपणे देता येतील असे फोटो छापता येतात. लातूरच्या आमच्या छोट्या स्टुडिओत परीक्षांच्या हंगामातील पासपोर्ट फोटोंपासून लग्नाच्या मोठ्या प्रिंटपर्यंतचे घरातच छापायचे सगळे काम आता याच व्यवस्थेवर होते आणि मागे फिरण्याचे कारण मला दिसत नाही. केबल जोडताच उत्तम फोटो बाहेर पडतो, असे मात्र येथे होत नाही. केबल जोडताच साधे कागद छापले जातात. फोटोच्या बाबतीत रंगांचा निर्णय नेमका कोणी घ्यायचा, हे व्यवस्था बसवणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. ते एकदा ठरवून घेतले की पुढचे काम सरळ आहे, आणि ठरवले नाही तर कितीही महागडा कागद वापरला तरी चेहरे लालसर किंवा काळपट येत राहतात.

हा विषय आत्ता निकडीचा झाला आहे, कारण विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. औसा, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई अशा गावांतल्या स्टुडिओंमध्ये असे कितीतरी संगणक आहेत की जे या अटीत बसत नाहीत, पण फोटो निवडणे, काटछाट करणे आणि छापणे या कामांना अजून पुरेसे आहेत. लिनक्स मिंट २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. नवा संगणक घेण्याचा खर्च टाळून तोच पैसा चांगल्या कागदावर आणि शाईवर घालता येतो, हा विचार लहान स्टुडिओसाठी फार मोलाचा आहे.

छपाईची सगळी यंत्रणा कप्स या प्रणालीवर उभी आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचे काम सुरू केले, २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्क विकत घेतले, आणि आता लिनक्ससाठीचा तिचा विकास ओपनप्रिंटिंग हा गट करतो. फोटोच्या दृष्टीने तिच्याइतकाच महत्त्वाचा प्रकल्प म्हणजे गुटेनप्रिंट. गिंप या चित्रसंपादकाला जोडलेला छपाईचा एक छोटा भाग म्हणून तो सुरू झाला, रॉबर्ट क्रॉविट्झ यांनी १९९९ पासून तो वाढवला, आणि आज शेकडो प्रिंटरांसाठी शाई कागदावर कशी पडावी याचे सगळे गणित तो संगणकातच करतो. लिनक्स मिंटमध्ये तो वेगळा शोधत बसावे लागत नाही. प्रिंटर जोडताना दिसणाऱ्या ड्रायव्हरांच्या, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीत त्याचे नाव असते.

खरा विचार करायचा तो या यादीपाशीच. एकाच प्रिंटरसाठी बहुधा तीन मार्ग समोर येतात. प्रिंटर वायफायवर असेल तर मिंट त्याला स्वतःच ओळखते आणि कोणत्याही ड्रायव्हरशिवाय, आयपीपी एव्हरीव्हेअर या सामायिक पद्धतीने, जोडून मोकळे होते. दुसरा मार्ग प्रिंटरच्या निर्मात्याने लिनक्ससाठी दिलेल्या ड्रायव्हरचा आणि तिसरा गुटेनप्रिंटचा. पहिल्या दोन मार्गांत संगणक प्रिंटरला बहुतेक वेळा लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांतले चित्र पाठवतो, आणि कोणत्या शाईचे किती थेंब टाकायचे हे प्रिंटरमधली चिप ठरवते. गुटेनप्रिंटमध्ये हा निर्णय संगणकावर होतो. सहा शाईंच्या प्रिंटरमध्ये नेहमीच्या चार रंगांबरोबर फिकट निळी आणि फिकट गुलाबी अशा दोन शाया असतात. गालावर, कपाळावर ठिपके न दिसता रंग सलग उतरतो तो या दोन शायांमुळे. त्या कुठे आणि किती वापरायच्या, शाईची एकूण घनता किती ठेवायची, ठिपके कोणत्या पद्धतीने विखरायचे, हे सगळे गुटेनप्रिंटमध्ये आपल्या हातात येते.

यावरून सर्वांनी गुटेनप्रिंटच घ्यावा असा निष्कर्ष मी काढणार नाही. निर्मात्याचाच फोटो कागद आणि निर्मात्याचीच मूळ शाई वापरणाऱ्याला निर्मात्याचा ड्रायव्हर पुरतो, कारण प्रिंटरमधल्या चिपने केलेली रंगांची जुळणी त्याच कागदासाठी आणि त्याच शाईसाठी केलेली असते. तेथे कागदाचा प्रकार अचूक निवडला की अर्धे काम झाले. आपल्याकडे मात्र बहुतेक स्टुडिओ बाजारात मिळणारा १८० किंवा २७० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) ग्लॉसी कागद वापरतात, आणि त्या कागदाचे नाव कोणत्याच निर्मात्याच्या यादीत नसते. अशा कागदावर ठरावीक मापाने शाई टाकली तर गडद भाग भरून येतात, शाई साचते आणि वाळायला वेळ लागतो. गुटेनप्रिंटमध्ये घनता थोडी थोडी कमी करत त्या कागदाला मानवेल असा बिंदू शोधता येतो, आणि माझ्या मते आपल्या भागातल्या स्टुडिओंसाठी याच एका सोयीने त्याचे पारडे जड होते. वायफायवरच्या प्रिंटरची आपोआप तयार झालेली जोडणी साध्या कागदांसाठी ठेवावी आणि फोटोंसाठी त्याच प्रिंटरची दुसरी जोडणी निराळ्या नावाने स्वतः करून घ्यावी. दोन्ही यादीत शेजारी शेजारी राहतात आणि एकीच्या सेटिंगचा दुसरीला उपद्रव होत नाही.

आता रंगांच्या जबाबदारीकडे येतो. फोटो उघडणारा प्रोग्राम, कप्समधले मधले टप्पे, ड्रायव्हर आणि प्रिंटर यांपैकी प्रत्येकाला रंग बदलता येतात. प्रोग्रामने कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे त्या प्रिंटरवर व कागदावर रंग कसे उतरतात हे मोजून केलेल्या फाइलप्रमाणे, रंग बदलून पाठवले आणि ड्रायव्हरने त्यावर पुन्हा आपली दुरुस्ती केली, की चित्र दोनदा बदलले जाते आणि त्वचा तांबूस होते. उलट दोघांनीही काही केले नाही, तर फिके, निर्जीव चित्र मिळते. म्हणून एकानेच रंग सांभाळायचे आणि बाकीच्यांनी चित्र जसे आले तसे पुढे द्यायचे. प्रोफाइल वापरायचे असेल तर गुटेनप्रिंटच्या कलर करेक्शनमध्ये अनकरेक्टेड हा पर्याय ठेवावा आणि प्रोफाइल प्रोग्राममध्ये लावावे. प्रोफाइल नसेल तर प्रोग्रामकडून साधे एसआरजीबी, म्हणजे पडद्यांसाठीच्या सर्वमान्य रंगकक्षेतले, चित्र पाठवावे आणि ड्रायव्हरला त्याच्या हाय ॲक्युरसी या पर्यायावर काम करू द्यावे. विंडोजवरही हाच नियम आहे, फक्त तेथे निर्मात्याने पुष्कळसे झाकून ठेवलेले असते. येथे सगळे उघडे आहे, आणि उघडे असल्यामुळेच चूक कुठे झाली हे शोधता येते.

छपाई पारखण्यासाठी परदेशी चाचणीचित्रांपेक्षा आपल्याच कामातले फोटो जास्त उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत झाले आहे. हळदीच्या कार्यक्रमातला चेहरा ही पहिली कसोटी. पिवळ्या रंगाखालचा सावळा वर्ण हिरवट दिसू लागला, तर निळी शाई जास्त पडते आहे हे लगेच कळते. दुसरी कसोटी पैठणीची. तिचे राणी, मोरपंखी आणि पोपटी रंग इतके गडद व तेजस्वी असतात की त्यांतले काही एसआरजीबीच्या कक्षेत मावत नाहीत, आणि काही पडद्यावर दिसले तरी शाईला साधत नाहीत. असे रंग छापताना कसे वळवायचे, यासाठी रेंडरिंग इंटेंट हा पर्याय असतो. परसेप्च्युअल पद्धत सगळेच रंग प्रमाणात आवळते आणि पदरावरच्या छटांतला फरक बराचसा टिकवते. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक पद्धत कक्षेत बसणारे रंग जसेच्या तसे ठेवते, पण कक्षेबाहेरचे रंग काठाशी एकत्र येतात आणि मोराची नक्षी सपाट होऊ शकते. त्यामुळे भरजरी साडीच्या फोटोला पहिली आणि चेहऱ्याच्या साध्या फोटोला दुसरी, असे मी निवडतो. तिसरी कसोटी वेरूळच्या कैलास लेण्याची. काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेल्या त्या मंदिराच्या दुपारच्या सावलीत काळ्याच्या किती पायऱ्या असतात, हे प्रत्यक्ष पाहिलेल्याला सांगायला नको. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, म्हणजे चित्रातला सर्वांत गडद काळा कागदावरच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवण्याची सोय, चालू नसेल तर त्या सावलीतले शिल्प काळ्या डागात विरून जाते. चालू केले की हत्तींची कड आणि खांबांवरची कोरीव रेघ परत दिसू लागते. उजळ बाजूची परीक्षा करायची तर सकाळच्या उन्हातल्या बीबी का मकबऱ्याचा फोटो घ्यावा आणि घुमटाचा पांढरा रंग आकाशापासून वेगळा राहतो का ते पाहावे. या चारही कसोट्यांना नीट बसवलेली गुटेनप्रिंटची जोडणी उतरते. हळद आणि बेसॉल्ट यांबाबत तर मी ती उत्तम म्हणेन. पैठणीचा राणी रंग पडद्याइतका उजळ येत नाही, पण तो कोणत्याही इंकजेटवर तसा येत नाही.

लातुरात मात्र स्टुडिओचे पोट लग्नाच्या फोटोंपेक्षा विद्यार्थ्यांच्या फोटोंवर अधिक चालते. शिकवणीसाठी आलेली मुले अर्ज भरण्याच्या दिवसांत रांगा लावून उभी असतात आणि ‘काका, आठ कॉपी काढा’ ही मागणी दिवसभर चालू असते. ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ गुणिले ५३१ पिक्सेलचा होतो. ४×६ इंची कागद म्हणजे १०२ गुणिले १५२ मिलिमीटर. त्यावर असे चार फोटो आडव्या ओळीत आणि दोन ओळी मांडल्या की १४० गुणिले ९० मिलिमीटर जागा व्यापली जाते आणि चारही बाजूंनी सहा मिलिमीटर उरतात. बहुतेक इंकजेट प्रिंटर कडेची तीन मिलिमीटर जागाच सोडतात, त्यामुळे या पानासाठी विनाकड, म्हणजे कागदाच्या काठापर्यंतच्या, छपाईची गरजच नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण विनाकड छापताना प्रिंटर चित्र किंचित मोठे करून कागदाबाहेर सांडू देतो, आणि मग ३५ मिलिमीटरचा फोटो ३५ चा राहत नाही. गिंपमध्ये १८०० गुणिले १२०० पिक्सेलचे रिकामे पान एकदा तयार करून ठेवावे, छापताना फिट टू पेज बंद करून प्रमाण शंभर टक्के ठेवावे, आणि गुटेनप्रिंटच्या श्रिंक या पर्यायात मूळ माप जपणारा क्रॉप निवडावा. या सेटिंग जोडणीतच कायमच्या साठवता येतात; त्यामुळे स्टुडिओत बसणाऱ्या मदतनीस मुलाला दरवेळी काही निवडावे लागत नाही. पहिल्या पानावर पट्टी ठेवून माप घ्यावे, एवढेच.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी गेल्या काही वर्षांत पासपोर्ट फोटोबरोबर पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे पूर्ण ४×६ इंची, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटोही मागितला गेला आहे. येथे विनाकड छपाई हवी. त्यासाठी जोडणीत बॉर्डरलेस आणि कागदाचा आकार हे दोन्ही पर्याय एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. मोबाइलवर काढलेला फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि पोस्टकार्ड तिनास दोन; म्हणून फोटोचा सुमारे नववा भाग कापला जाणारच. तो प्रोग्रामकडून आपोआप कापून न घेता डोके आणि खांदे पाहून हाताने कापावा. पांढऱ्या पार्श्वभूमीचा पांढरेपणा हीसुद्धा रंगव्यवस्थेची चांगली परीक्षा आहे. रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये चित्रातला शुद्ध पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा धरला जातो, तेथे शाईचा एकही थेंब पडत नाही. पार्श्वभूमीवर भिंग धरले असता फिकट ठिपके दिसले, तर मूळ फोटोतच पार्श्वभूमी पुरती पांढरी नाही किंवा ॲब्सोल्यूट हा मूळ पांढऱ्याची छटाही शाईने उतरवणारा इंटेंट निवडला गेला आहे, असे समजावे.

कोणता प्रोग्राम वापरावा याबद्दल माझी पसंती स्पष्ट आहे. फोटो छापण्यासाठी डार्कटेबल या फोटो संपादनाच्या प्रोग्रामचा प्रिंट विभाग सर्वांत पुढे आहे. हा विभाग डिसेंबर २०१५ च्या २.० आवृत्तीपासून त्यात आला. प्रिंटर, कागद, समास, प्रिंटरचे प्रोफाइल, इंटेंट आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन हे सगळे एकाच पडद्यावर दिसते, आणि छापण्यापूर्वी सॉफ्टप्रूफ लावून कागदावरचा रंग कसा येईल याचा अंदाजही घेता येतो. गिंपच्या छपाईच्या खिडकीत माप आणि जागा अचूक देता येते, परंतु प्रिंटरचे प्रोफाइल लावण्याची सोय तेथे नाही. चित्र आधी त्या प्रोफाइलमध्ये बदलून घ्यावे लागते. म्हणून पासपोर्टच्या पानासाठी गिंप आणि मोठ्या फोटोंसाठी डार्कटेबल, अशी वाटणी सोयीची आहे. नुसता फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममधून छापणे टाळावे.

प्रोफाइल मिळवायचे कसे, हा या व्यवस्थेतला सर्वांत अवघड भाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नामांकित कागद कंपन्या आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रिंटरसाठी प्रोफाइल देतात, पण ती विंडोज किंवा मॅकवरच्या निर्मात्याच्या ड्रायव्हरसाठी मोजलेली असतात. गुटेनप्रिंट शाई वेगळ्या प्रकारे टाकतो, त्यामुळे ती प्रोफाइले त्याला लागू पडत नाहीत. स्वतःचे प्रोफाइल करण्यासाठी ग्रॅम गिल यांचा आर्गिल सीएमएस हा मुक्तस्रोत संच आहे. तो शेकडो रंगचौकटींचा तक्ता तयार करतो, तो तक्ता अनकरेक्टेड पद्धतीने छापायचा, शाई पूर्ण स्थिरावण्यासाठी एक दिवस ठेवायचा, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या उपकरणाने एकेक चौकट वाचायची. संच फुकट असला तरी हे उपकरण महाग आहे आणि एका स्टुडिओला परवडणारे नाही. पण प्रोफाइल कागद किंवा शाई बदलल्यावरच नवे करावे लागते. म्हणून एका तालुक्यातल्या चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक उपकरण घेतले, तर सगळ्यांचे काम भागेल. तोपर्यंत घनता आणि रंगांचा समतोल हाताने जुळवून मिळणारा परिणाम पासपोर्ट आणि घरगुती फोटोंसाठी पुरेसा चांगला आहे. प्रदर्शनासाठी छापणाऱ्याला प्रोफाइलशिवाय गत्यंतर नाही.

लग्नमंडपात तिथल्या तिथे फोटो छापून देणाऱ्यांसाठीही चांगली बातमी आहे. डीएनपी, मित्सुबिशी, सिटिझन यांच्या डाय सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने फितीवरचा रंग कागदावर उतरवणाऱ्या, प्रिंटरांची अनेक मॉडेल गुटेनप्रिंटवर चालतात. या प्रिंटरांत शाईचे हेड नसल्याने शाई सुकून अडकण्याचा त्रास होत नाही, आणि डीएनपीच्या डीएस-आरएक्स१ एचएस या मॉडेलच्या एका रोलमधून ४×६ चे ७०० फोटो निघतात.

इंकजेटला मात्र मराठवाड्याचे हवामान मानवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा इतकी कोरडी असते की चार दिवस न वापरलेल्या प्रिंटरच्या नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद वाकतो. रोज निदान एक लहान रंगीत फोटो छापावा, आणि प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसते. बोर्डाचे बटण दाबून वीज तोडली तर ते उघडे राहते. नोझल तपासण्यासाठी आणि हेड क्लीनिंगसाठी गुटेनप्रिंटबरोबर एस्कपीयूटिल नावाचे साधन येते, ते एप्सनच्या प्रिंटरांवर चालते. मात्र ते टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालवावे लागते, आणि ज्यांना टर्मिनलची सवय नाही त्यांच्यासाठी ही उणीवच म्हणावी लागेल.

वीज जाण्याच्या बाबतीत कप्सचे वर्तन समजून घेतले पाहिजे. अपूर्ण राहिलेले काम ते जपून ठेवते आणि संगणक परत सुरू झाला की ते काम पहिल्यापासून छापू लागते. रांगेत दहा कामे असतील तर ती हरवत नाहीत, ही मोठी सोय आहे. पण वीज आल्यावर ट्रेमध्ये साधा कागद असेल तर फोटो त्यावरच छापला जाईल, म्हणून आधी ट्रे पाहावा. छपाईत अडथळा आला की कप्स ती जोडणी थांबवून ठेवू शकते, आणि केबल, कागद, शाई सगळे ठीक असूनही काही छापले जात नाही असे दिसते. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्याची गरज नसते. प्रिंटर्सच्या खिडकीत त्या जोडणीवर उजवी क्लिक करून एनेबल निवडले की रांग चालू होते. तेथेच पॉलिसीमध्ये अडथळ्यानंतर पुन्हा प्रयत्न करण्याचा पर्याय दिला तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. प्रिंटरला वेगळा यूपीएस द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन.

नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर लिनक्सचे नाव शोधू नका, ते क्वचितच असते. ओपनप्रिंटिंगच्या यादीत आणि गुटेनप्रिंटच्या यादीत नेमका मॉडेल क्रमांक आहे का ते पाहा; एका अक्षराच्या फरकाने आतली शाई आणि हेड निराळे असू शकते. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर टाकून, संगणकात काहीही न बसवता, थेट त्यावरूनच चालवता येते. तो पेन ड्राइव्ह, आपला नेहमीचा कागद आणि हळदीचा, पैठणीचा व कैलासाचा असे तीन फोटो घेऊन दुकानात जावे, आणि पैसे देण्यापूर्वी तेथेच छापून पाहण्याची परवानगी मागावी. नांदेड असो, लातूर असो की छत्रपती संभाजीनगर, ज्या विक्रेत्याला प्रिंटर विकायचा आहे तो एवढे सहसा नाकारत नाही, आणि नाकारलेच तर शेजारचे दुकान आहेच.